आधी डिलीट करून दाखवा

संस्थेसाठी क्लाउड प्लॅटफॉर्म, म्हणजे सर्व्हर, साठवण आणि नेटवर्क सांभाळणारं सॉफ्टवेअर, निवडणाऱ्या समितीच्या बैठकीत पडद्यावर एक एक्सेल उघडलेली होती. एकशे चाळीसेक ओळी, चार प्लॅटफॉर्मचे चार रकाने आणि जवळजवळ प्रत्येक चौकटीत हिरवं ‘होय’. लोड बॅलन्सर, म्हणजे अनेक सर्व्हरांत काम वाटून देणारी सोय, आहे का? होय. स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची प्रत, घेता येतो का? होय. एकाहून जास्त डेटा सेंटर सांभाळता येतात का? होय, चौघांनाही. इतकं एकमत दिसलं की मला धडकी भरते. चार वेगवेगळ्या वकुबाची, वेगवेगळ्या स्वभावाची सॉफ्टवेअरं एका कागदावर सारखीच दिसत असतील, तर त्या कागदाने आपल्याला काहीच सांगितलेलं नसतं.

मग डेमो झाला. सादरीकरणाला आलेल्या तरुणाने पोर्टल उघडलं, तीन-चार क्लिक केले आणि दोन मिनिटांच्या आत एक नवं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला आभासी सर्व्हर, उभं राहिलं. समिती खूश. एरवी आमच्याकडे सर्व्हर मिळायला सहा आठवडे लागत. मी म्हटलं, “छान. आता हेच डिलीट करून दाखवा.”

त्याने केलं. ‘नक्की का?’ असं एकदा विचारून मशीन यादीतून गेलं. “आता स्टोरेजची यादी उघडा.” डिस्क तिथेच होती, बेवारशी, पण कोट्यात मोजली जाणारी. “फायरवॉलचे नियम?” तेही होते. मशीनला दिलेलं नाव डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, तसंच, घर रिकामं झालं तरी दारावर राहिलेल्या पाटीसारखं. “आणि समजा हे चुकून उडवलं असतं, तर परत आणता आलं असतं?” तो थांबला. “सर, बघून सांगतो.”

प्रामाणिक उत्तर होतं, मला मुलगा आवडला. पण आमच्या एकशे चाळीस ओळींत हा प्रश्न एकाही ओळीत नव्हता, आणि ती एक्सेल त्याने नाही, आम्ही बनवली होती.

संस्थेसाठी क्लाउड इन्फ्रास्ट्रक्चर सांभाळणारा प्लॅटफॉर्म निवडताना आपलं सगळं लक्ष मशीन जन्माला घालण्याकडे असतं. जन्माला घालणं आता सगळ्यांनाच जमतं. संस्थेचा पैसा, डेटा आणि तिथल्या माणसांची झोप जाते ती दुसरीकडेच: पुसताना, बदलताना आणि सोडून जाताना. निवडीचे निम्म्याहून जास्त गुण या तीन गोष्टींना द्यावेत, असं मी त्या बैठकीत म्हटलं. तिथे ते मान्य झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

पुसण्यापासूनच सुरू करू, कारण प्लॅटफॉर्मचा स्वभाव तिथे उघडा पडतो. अपाचे क्लाउडस्टॅक या प्लॅटफॉर्मवर मशीन ‘डिस्ट्रॉय’ केलं तरी लगेच नाहीसं होत नाही. मूळ सेटिंगनुसार ८६,४०० सेकंद, म्हणजे अख्खा एक दिवस, ते पडून राहतं आणि तेवढ्या वेळात प्रशासकाला ते परत उचलता येतं. त्यानंतर ते ‘एक्सपंज’ होतं, म्हणजे कायमचं पुसलं जातं. ओपनस्टॅक या दुसऱ्या प्लॅटफॉर्मवरही अशी सोय आहे, पण तिथल्या सेटिंगचा मूळ आकडा शून्य आहे. तुम्ही होऊन तो बदलला नाही, तर गेलं ते गेलं. ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याने मशीन देणाऱ्या सेवेवर मशीन संपवलं की त्याची मूळ डिस्क सहसा सोबत जाते, नंतर जोडलेल्या डिस्क मात्र मागे राहतात आणि त्यांचं बिलही येत राहतं. ‘मशीन डिलीट करता येतं का?’ या ओळीपुढे तिघांनाही हिरवं ‘होय’ मिळेल. शनिवारी रात्री चुकून शेजारच्या ओळीवर क्लिक करणाऱ्या माणसाचं नशीब मात्र तिन्ही ठिकाणी वेगळं असेल.

यात कोण बरोबर, कोण चूक असं नाही. तासातासाला शेकडो मशीन उभी करून मोडणाऱ्या संस्थेला दिवसभर साचणारा तो ढीग परवडणार नाही, तिला शून्यच हवा. जिथे वीस-पंचवीस जुनी मशीन वर्षानुवर्षं पगाराचा आणि परवानग्यांचा डोलारा सांभाळत उभी आहेत, तिथे तो एक दिवस लाखमोलाचा. म्हणजे आधी स्वतःची संस्था कोणत्या जातीची आहे ते ठरवायचं, मग सेटिंग वाचायचं. एक्सेल हे दोन्ही करत नाही.

पुसण्याची किंमत मोठ्या आकारात बघायची असेल तर २०२४चा मे महिना आठवावा. ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिनिधीच्या सहा लाखांहून जास्त सभासदांना आठवडाभर आपलं खातं नीट बघता आलं नाही. हल्ला नव्हता, आग नव्हती, पूर नव्हता. गूगल क्लाउडवरचा त्यांचा खासगी क्लाउड उभा करताना गूगलच्याच कर्मचाऱ्याने एका अंतर्गत साधनात एक रकाना रिकामा सोडला होता. रकाना रिकामा म्हणून सिस्टीमने आपली मूळ मुदत धरली: एक वर्ष. वर्ष भरलं आणि तो क्लाउड आपोआप पुसला गेला. ग्राहकाने पुसायला सांगितलेलं नसल्यामुळे ग्राहकाला पूर्वसूचनाही गेली नाही. बॅकअप शाबूत होते, दुसऱ्या पुरवठादाराकडे ठेवलेलेही होते, म्हणून निधी तरला. जगातल्या सर्वांत हुशार अभियंत्यांच्या कंपनीत एका रिकाम्या रकान्याने हे होऊ शकतं. आपल्या समितीने ‘रकाना रिकामा राहिला तर काय होतं?’ एवढं विचारायला लाज वाटू देऊ नये.

दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. कोड स्पेसेस नावाची कंपनी लोकांचा सोर्स कोड सांभाळायची. जून २०१४मध्ये कुणीतरी तिच्या ॲमेझॉन क्लाउडच्या कन्सोलमध्ये, म्हणजे नियंत्रणाच्या पडद्यावर, शिरलं आणि खंडणी मागितली. कंपनी आपलं नियंत्रण परत मिळवायला लागल्याचं दिसताच त्याने डिस्क, स्नॅपशॉट, बॅकअप जे हाताला लागेल ते पुसलं. बारा तासांत सगळा खेळ झाला आणि कंपनी बंद पडली. बॅकअप नव्हते असं नाही. होते, पण त्याच चावीखाली होते. तिजोरीच्या दोन प्रती एकाच किल्लीने उघडत असतील तर त्या दोन तिजोऱ्या नसतात, एकच लांबलचक तिजोरी असते.

तेव्हा प्लॅटफॉर्मवाल्याला विचारायचं ते असं: मशीन बनवण्याचा अधिकार देऊन पुसण्याचा काढून घेता येतो का? बॅकअप पुसायला दुसऱ्या माणसाची मंजुरी लागेल अशी व्यवस्था आहे का? बॅकअपला मुदतबंद कुलूप लावता येतं का, जे प्रशासकालाही उघडता येणार नाही? आणि उत्तर तोंडी घ्यायचं नाही, समोर करून घ्यायचं. डेमोसाठी तासभर मिळणार असेल तर त्यातली चाळीस मिनिटं यातच घालवा. नवं मशीन उभं राहताना बघण्यात तसंही काही राम नाही.

इथून जरा बाजूला, स्वतः अनुभवलेल्या एका रविवाराकडे जातो. एका जुन्या नोकरीत आमचा प्लॅटफॉर्म चांगला चालत होता, इतका की त्याच्याकडे कुणी बघत नसे. एका रविवारी सकाळी लॉगिन होईना. प्लॅटफॉर्मच्या आतल्या आत वापरलं जाणारं एक प्रमाणपत्र, म्हणजे त्याच्या भागांना एकमेकांची ओळख पटवून देणारी मुदतीची डिजिटल फाइल, शनिवारी मध्यरात्री संपलं होतं. गंमत म्हणजे मशीन सगळी चालू होती, वापरणाऱ्यांना पत्ताही नव्हता. पण आम्हाला काहीच करता येत नव्हतं. एखादं मशीन पडलं असतं तर उचलता आलं नसतं. थेट सर्व्हरवर जाऊन दुरुस्ती करायची तर रूट पासवर्ड, म्हणजे सर्वाधिकाराचा पासवर्ड, हवा. पासवर्ड तिजोरीत. तिजोरीचं सॉफ्टवेअर एका व्हर्च्युअल मशीनवर, आणि ते मशीन सुरक्षेसाठी असं बांधलेलं की त्याच्यापर्यंत फक्त त्या प्लॅटफॉर्मच्या कन्सोलमधूनच पोचता येई. वर्तुळ पूर्ण. शेवटी एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर पडून असलेली जुनी पीडीएफ आणि त्याच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेला पासवर्ड, या दोन नियमबाह्य गोष्टींनी सहा तासांनी आम्हाला बाहेर काढलं. वहीत पासवर्ड लिहिल्याबद्दल त्याला नंतर समज देण्यात आली. मी त्या कागदावर सही केली नाही.

हे आमच्याच नशिबात होतं असं नाही. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनची एस३ साठवण सेवा तिच्या सर्वांत जुन्या भौगोलिक विभागात चारेक तास कोलमडली, कारण देखभालीच्या एका कमांडमध्ये एक तपशील चुकीचा टाईप झाला. त्या दिवशी ‘सेवा सुरळीत आहे की नाही’ हे सांगणारं ॲमेझॉनचं पानही बराच वेळ बदलता येत नव्हतं, कारण ते बदलण्याची यंत्रणा एस३वरच अवलंबून होती. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक साधारण सहा तास इंटरनेटवरून गायब झालं, तेव्हा दुरुस्ती करणाऱ्यांची स्वतःची साधनंही त्याच जाळ्यासोबत गेली होती. आणि २० ऑक्टोबर २०२५ला ॲमेझॉनच्या त्याच विभागात डीएनएसची नोंद आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचे दोन भाग एकमेकांच्या पायात आले. आधीपासून चालू असलेली मशीन बहुतांशी चालत राहिली, नवी मात्र कित्येक तास उभी राहत नव्हती. या धंद्यातले लोक त्याला कंट्रोल प्लेन आणि डेटा प्लेन म्हणतात: एक हुकूम देणारा भाग, एक काम करणारा. हुकूम देणारा गेला तरी काम चालू राहतं का, आणि किती वेळ, हा निवडीचा प्रश्न आहे. तोही डेमोत करून बघता येतो. व्यवस्थापन सर्व्हर बंद करायला सांगा आणि चहा घ्यायला जा. परत आल्यावर काय काय चालू आहे ते बघा.

आता बदलणं. अपग्रेड हा शब्द ऐकून ज्याच्या पोटात गोळा येत नाही त्याने अजून अपग्रेड केलेलं नाही.

ओपनस्टॅक २०१०मध्ये नासा आणि रॅकस्पेस यांनी मिळून सुरू केलं. ते एक सॉफ्टवेअर नाही, सॉफ्टवेअरांचं एकत्र कुटुंब आहे. मशीन सांभाळायला नोव्हा, नेटवर्कला न्यूट्रॉन, डिस्कला सिंडर, ओळख पटवायला कीस्टोन, नवी मशीन ज्या साच्यांवरून बनतात त्या ‘प्रतिमा’ ठेवायला ग्लान्स. प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, प्रत्येकाची कुरबुर वेगळी, आणि त्यांच्यात निरोप्याचं काम करणारी रांग तुंबली की सगळ्यांचाच अबोला. दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. हे झेपत नाही अशी तक्रार इतकी वर्षं होत राहिली की २०२३पासून एक आवृत्ती गाळून वर्षातून एकदाच वर चढण्याची अधिकृत वाट काढावी लागली. क्लाउडस्टॅकची घडण त्यामानाने आटोपशीर आहे: एक व्यवस्थापन सर्व्हर, एक मायएसक्यूएल डेटाबेस, आणि केव्हीएम या लिनक्समधल्या सोयीने व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या यजमान सर्व्हरांवर एक-एक एजंट, म्हणजे हुकूम पाळणारा छोटा प्रोग्राम. ओपननेब्युला हा प्लॅटफॉर्मही त्याच घडणीचा, सुटसुटीत. प्रॉक्समॉक्स तर काही सर्व्हरच्या जथ्यावर एका दुपारीही बसवता येतं, पण अनेक विभागांना स्वतंत्र भाडेकरूंसारखं वागवायचं, त्यांना कोटा द्यायचा, हिशोब द्यायचा म्हटलं की त्याची चादर अपुरी पडते.

मग ओपनस्टॅक वाईट का? मुळीच नाही. जिनिव्हाजवळची सीईआरएन प्रयोगशाळा २०१३पासून ते उत्पादनात चालवते आहे, लाखो प्रोसेसर कोअरवर. पण सीईआरएनकडे त्यासाठी अभियंत्यांचा स्वतंत्र चमू आहे आणि तो ओपनस्टॅकच्या मूळ कोडमध्येही भर घालतो. ‘सीईआरएन वापरतं’ हे वाक्य मी आजवर किमान पाच सादरीकरणांत ऐकलंय. त्याच्यापुढचं ‘तुमच्याकडे किती माणसं आहेत?’ एकदाही नाही. तीन माणसांच्या चमूत एक रजेवर, एक नोकरी सोडण्याच्या बेतात आणि एक नवीन असतो. प्लॅटफॉर्म या तिघांसाठी निवडायचा असतो.

ओपनस्टॅक, क्लाउडस्टॅक ही मुक्त स्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, सॉफ्टवेअरं आहेत. यातूनच ‘मुक्त स्रोत म्हणजे फुकट’ हा समजही निकाली निघतो. लायसन्सचा खर्च शून्य असेल, पण तो पगाराच्या खात्यात, प्रशिक्षणात आणि अपग्रेडच्या रात्रींत पुन्हा उगवतो. मी मुक्त स्रोताच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच हे मोठ्याने सांगायला हवं असं मला वाटतं. फुकट म्हणून आणलेलं सॉफ्टवेअर दीड वर्षात बदनाम होतं आणि दोष सॉफ्टवेअरच्या नावे लिहिला जातो.

अपग्रेडबाबत मागणी एकच: मागच्या आवृत्तीवर दहा मशीन चालू ठेवा, त्यांच्यावर भार टाका आणि आमच्या देखत नव्या आवृत्तीवर जा. अर्ध्या वाटेत प्लग काढून टाका. मागे फिरता येतं का ते बघू. हे करून दाखवायला तयार असलेला पुरवठादार मला दोनदाच भेटला, आणि त्यातल्या एकाचं अपग्रेड फसलं. मी त्यालाच जास्त गुण दिले, कारण तो चार तासांत मागे आला आणि कसा आला ते त्याने लिहून दिलं.

हे सगळं बोलून झाल्यावर जो प्रश्न पहिल्याच बैठकीत यायला हवा होता तो येतो: आपल्याला मुळात क्लाउड हवा आहे का? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने सप्टेंबर २०११मध्ये क्लाउडची व्याख्या केली, तिच्यात पाच लक्षणं आहेत. त्यातली दोन कुठल्याही संस्थेची परीक्षा घेतात: मागणाऱ्याने मध्ये कुणाला न गाठता स्वतः घ्यावं, आणि घेतलं त्याचं मोजमाप व्हावं. आमच्याकडे सर्व्हरला सहा आठवडे लागत ते तंत्रज्ञानामुळे नाही. फॉर्मवर पाच सह्या लागत, आणि त्यातल्या दोन सह्या करणाऱ्यांना आपण नक्की कशाला मंजुरी देतोय ते ठाऊक नसे. अशा ठिकाणी प्लॅटफॉर्म आणला की दोन मिनिटांचं मशीन मिळायला सहा आठवडे आणि दोन मिनिटं लागतात. पोर्टलमध्येच मंजुरीची पाच पायऱ्यांची साखळी बांधून घेणाऱ्या संस्था मी पाहिल्या आहेत, आणि त्या त्याला डिजिटायझेशन म्हणतात. ज्यांना सह्या सोडायच्या नाहीत त्यांनी साधं व्हर्च्युअलायझेशन घ्यावं, नीट बॅकअप ठेवावा आणि सुखाने राहावं. त्यात कमीपणा काही नाही. उरलेल्या पैशात एक चांगला माणूस येतो.

तिसरी गोष्ट, सोडून जाणं, ही लग्नाच्या याद्या करताना काडीमोडाबद्दल बोलण्यासारखी समजली जाते. बोलायलाच हवं. मालक बदलतात. व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरवर जगातल्या निम्म्या डेटा सेंटरांचा संसार उभा होता असं म्हटलं तरी फार अतिशयोक्ती होणार नाही. २२ नोव्हेंबर २०२३ला ब्रॉडकॉमने ती कंपनी ताब्यात घेतली आणि डिसेंबरातच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री थांबली. पुढे सगळं वर्गणीवर, आणि सुटं सुटं घ्यायची सोय जाऊन मोजक्या गठ्ठ्यांत. छोट्यांच्या हाताशी असलेली, व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या मूळ सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती फेब्रुवारी २०२४मध्ये बंद झाली आणि एप्रिल २०२५मध्ये पुन्हा अवतरली, जणू मधल्या वर्षात काही झालंच नव्हतं. सॉफ्टवेअर तेच होतं. त्यात एकही दोष वाढला नव्हता. एक्सेलमधलं एकही ‘होय’ खोटं ठरलं नव्हतं. तरीही कितीतरी संस्थांचं पाच वर्षांचं अंदाजपत्रक एका महिन्यात रद्दी झालं.

मुक्त स्रोतात हे होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी टेराफॉर्म आठवावं. पायाभूत सुविधा कोडच्या रूपात लिहून ठेवण्याचं हे सर्वांत रुळलेलं साधन. ऑगस्ट २०२३मध्ये त्याच्या मालक कंपनीने, हॅशिकॉर्पने, त्याचं मुक्त स्रोत लायसन्स बदलून बिझनेस सोर्स लायसन्स केलं, ज्यात कोड वाचता येतो पण स्पर्धक सेवेसाठी वापरता येत नाही. फरक इतकाच की जुना कोड लोकांच्या हातात होता, म्हणून दीड महिन्याच्या आत ओपनटोफू नावाची शाखा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली उभी राहिली. हॅशिकॉर्प पुढे आयबीएमने घेतली. क्लाउडस्टॅकच्या मूळ कंपनीलाही २०११मध्ये सिट्रिक्सने विकत घेतलं, पण २०१२मध्ये प्रकल्प अपाचे फाउंडेशनकडे सोपवला गेला आणि मालकांचं येणं-जाणं वापरणाऱ्यांना फारसं बाधलं नाही. तेव्हा ‘मुक्त स्रोत आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. नाव, लायसन्स आणि कोडमध्ये बदल स्वीकारण्याचा अधिकार एका कंपनीकडे आहे की फाउंडेशनकडे, हे विचारावं. या एका उत्तरात पुढच्या दहा वर्षांचं बरंचसं भविष्य असतं.

आता सोडताना नेमकं काय सोबत नेता येतं? डिस्क नेता येते. व्हीएमवेअरची डिस्क केव्हीएमच्या रूपात बदलायला व्हर्ट-व्हीटूव्हीसारखी साधनं आहेत, ती बरी चालतात. अडतं ते डिस्कभोवती विणलेल्या जाळ्यात: कुठल्या मशीनला कुठलं पोर्ट उघडं, कुणाला काय अधिकार, बॅकअपच्या वेळा, लोड बॅलन्सरचे नियम, आणि गेल्या चार वर्षांत कुणीतरी कशासाठीतरी लिहिलेल्या दोनशे स्क्रिप्ट, ज्या त्या एकाच प्लॅटफॉर्मच्या एपीआयशी, म्हणजे प्रोग्रामांचे हुकूम घेणाऱ्या दाराशी, बोलतात. सामान ट्रकमध्ये बसतं, पण घराच्या सवयी बसत नाहीत.

या टप्प्यावर आमच्या लेखा विभागाचे प्रमुख नेहमी म्हणतात, “मग हे सगळं डोक्यावर घ्यायचंच कशाला? ॲमेझॉन-गूगलसारख्या पब्लिक क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा.” त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्या संस्थेत सर्व्हर बघणारा माणूस नाही आणि पुढेही ठेवायचा नाही, तिने तेच करावं. पण मोकळं होता येत नाही. युनिसुपरचा ‘खासगी’ क्लाउडही गूगलच्या पब्लिक क्लाउडवरच होता. पुसणं, बदलणं, सोडणं हे तिन्ही प्रश्न तिथेही आहेत, फक्त ते दुसऱ्याच्या घरात आहेत आणि आपल्याला खिडकीतून बघायचे आहेत. बाहेर पडणंही जमतं, पण कुणाला? ३७सिग्नल्स या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने २०२२मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केल्याचं जाहीर केलं, स्वतःचे सर्व्हर घेतले आणि बाहेर पडली. त्यांना जमलं, कारण यंत्रणा सांभाळणारे लोक त्यांच्याकडे आधीपासून होते आणि क्लाउडवर असतानाही त्यांनी ते कमी केले नव्हते. हा भाग सांगायचा मात्र राहून जातो. सोडण्याचा खर्च आता कायद्याच्याही नजरेत आला आहे. युरोपीय संघाचा डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५पासून लागू झाला, आणि १२ जानेवारी २०२७पासून पुरवठादार बदलणाऱ्या ग्राहकाकडून स्थलांतराचं शुल्क घेता येणार नाही. गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट या तिघांनी सोडून जाणाऱ्यांसाठी डेटा बाहेर नेण्याचं शुल्क २०२४मध्येच माफ केलं. रोजच्या वापरात बाहेर जाणाऱ्या डेटाचं शुल्क अर्थात सुरूच आहे.

आणि हो, ‘सगळे क्लाउड एकाच पडद्यावर’ दाखवणारे प्लॅटफॉर्म. त्यांच्याबद्दल थोडक्यात: बघण्यासाठी उत्तम, हाताळण्यासाठी जपून. चार क्लाउडमध्ये जे समान आहे तेवढंच त्यांना देता येतं, आणि बिघाड नेहमी जे समान नाही तिथे होतो. रात्री दोन वाजता शेवटी त्या-त्या क्लाउडचं स्वतःचं कन्सोलच उघडावं लागतं. फक्त तोवर ते कसं वापरायचं हे चमू विसरलेला असतो.

आमच्या समितीचं काय झालं? एक्सेल राहिली. तिच्याविरुद्ध लढून उपयोग नव्हता, निविदेला कोष्टक लागतंच. लेखा प्रमुखांचा आक्षेप नेमका होता आणि त्याला उत्तर देणं भाग होतं. “लोड बॅलन्सर आहे किंवा नाही हे मोजता येतं. ‘सोडून जाणं सोपं आहे’ हे कसं मोजणार? उद्या हरलेला पुरवठादार आक्षेप घेईल, तेव्हा मी कागदावर काय दाखवू?” मी म्हटलं, तास दाखवा. चाचणीच्या पंधरा दिवसांत आपलंच एक खरं, जुनं, गुंतागुंतीचं मशीन तिथे चढवायचं आणि शेवटच्या दोन दिवसांत आपल्याच माणसांनी, पुरवठादाराची मदत न घेता, ते साध्या केव्हीएम सर्व्हरवर उतरवून चालू करायचं. किती तास लागले ते लिहायचं. चुकून पुसलेलं मशीन परत आणायला किती मिनिटं, तेही लिहायचं. व्यवस्थापन सर्व्हर बंद असताना काय काय चालू राहिलं, त्याची यादी जोडायची.

त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ पडद्याकडे बघितलं आणि ऑपरेटरला सांगितलं, “खाली तीन ओळी वाढव. आणि या तिन्हींत ‘होय-नाही’ ठेवू नकोस, आकडा टाकायची सोय कर.” गुण किती द्यायचे यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. ते पंधरा टक्क्यांच्या वर जायला तयार नाहीत, मी पन्नासच्या खाली येत नाही. चाचणी पुढच्या महिन्यात सुरू होते आहे, आणि उतरवून बघायला कुठलं मशीन द्यायचं यावरून आता सगळे विभाग एकमेकांकडे बोट दाखवताहेत.